अंगठ्याएवढी खिंड

१

दालनाचं कुलूप काढलं, दिवे लावले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या की डोंगरबाई डोंगर झाडायला घ्यायची. वर्षानुवर्षं हेच काम. सगळी कचेरी तिला डोंगरबाईच म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते मनापासून आवडायचं. दालनाच्या मधोमध, दोन पलंग जोडावेत एवढा, अख्ख्या पर्वतरांगेचा उठावाचा नकाशा होता. प्लास्टरचा. तो तिच्या बाबांनी केलेला. बाबा गेले, नकाशा राहिला, आणि त्याची डागडुजी करायला लेक राहिली.

झाडायची एक रीत होती. सुरुवात समुद्राच्या बाजूने. आधी निळा रंग, मग हिरवे उतार, मग चढत चढत ते दातेरी सुळके, आणि पलीकडे उतरलं की एकदम तपकिरी, भाजून निघालेला मुलूख. बाबांनी उंची आडव्या मापाच्या तिप्पट धरली होती. या कामात तसंच करतात, नाहीतर एवढाले डोंगर अंगावर पुळ्या उठल्यासारखे दिसतात. बघायला आलेल्यांना डोंगरबाई ब्रशचं टोक फिरवत सांगायची, "समुद्रावरून वारा येतो तो भरलेला. या भिंतीला धडकतो, वर चढता चढता गारठतो आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून मोकळा होतो. पलीकडे पोचतो तो कोरडा ठणठणीत. म्हणून अलीकडच्या घरांना बुरशी आणि पलीकडच्या जमिनीला भेगा. सगळी या रांगेची करणी."

मग ती खिंड दाखवायची. एवढ्या लांब रांगेत एकच फट. बाबांनी ती कोरली नव्हती. ओल्या प्लास्टरमध्ये अंगठा दाबला होता आणि म्हणाले होते, "माप बरोबर बसलं, आता हात लावत नाही." नीट पाहिलं तर अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसायच्या. त्या फटीतून रोज दुपारी ढग पलीकडे उतरतो आणि त्याच्या जिवावर कोरड्या बाजूची एक वस्ती हिरवी राहते, म्हणून बाबांनी तिथे मोहरीएवढा हिरवा ठिपका दिला होता. त्या ठिपक्यात तिचा दादा राहायचा, आणि वहिनी. आई लवकर गेली, बाबा कायम प्लास्टरमध्ये हात बुडवून. डोंगरबाईला वाढवली ती या दोघांनी.

त्या सकाळी ती डोळ्याच्या ऑपरेशनची रजा संपवून आली होती. ब्रश सुळक्यांवरून सरकत निघाला. खिंडीशी आला की तो आत बसायचा आणि मनगटाला बारीकसा हिसका लागायचा. आज हिसका लागला नाही.

तिने ब्रश मागे घेऊन पुन्हा फिरवला. पुन्हा तो सरळ पुढे गेला. मग तिने बोट फिरवलं. बोटाखाली सगळं गुळगुळीत होतं.

२

रंगारी जिन्यापाशी डबे धूत बसला होता. तो बिचारा उठून उभाच राहिला.

"बाई, मला साहेबांनी सांगितलं, पोचा पडलाय तो भरून घे. मी भरला. पुट्टी, घासकाम, वरून रंग. तुम्हीच बघा, कुठे जोड दिसतोय का?"

जोड दिसत नव्हता. मन लावून काम केलं होतं मेल्याने!

संचालकसाहेब खोलीत नव्याने सजवलेल्या दालनाच्या उद्घाटनाची तयारी बघत होते. डोंगरबाई न विचारता आत गेली.

"साहेब, तुम्ही खिंड बुजवलीत."

"खिंड कसली, बाई? कुणाचा तरी अंगठा उमटला होता तो. पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि आपल्या नकाशावर अंगठा?"

"माझ्या बाबांचा अंगठा आहे तो. आणि खिंडच आहे ती. तिथून ढग जातो. पलीकडे माझा भाऊ राहतो."

"जागेवरची खिंड जागेवर आहे ना? तिला मी कुठे हात लावलाय?" साहेब आपल्याच विनोदावर हसले. "मग झालं तर. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग बघू."

मग बघू! हे दोन शब्द कानावर पडले की डोंगरबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. छत गळत होतं तेव्हा मग बघू, खिडकीची काच फुटली तेव्हा मग बघू, आणि बाबांचं नाव नकाशाखाली लिहा म्हटलं तेव्हाही मग बघूच. ज्या माणसाला रांगेतल्या एका सुळक्याचं नाव सांगता येणार नाही, त्याने एका वाक्यात तिचं तोंड बंद केलं. हिने रजा काय घेतली, यांनी डोंगरच बदलून टाकला. तिला रडू यायला लागलं, ते तिने महत्प्रयासाने गिळलं, कारण रडलेल्या बाईचं तर कचेरीत कुणीच ऐकत नाही.

३

जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. डोळा कसा आहे, औषध वेळेवर घालतेस का, उन्हात चष्मा लाव, असं सगळं झाल्यावर वहिनी सहज म्हणाली, "इथे मात्र ढग यायचा बंद झालाय बाई. दुपार झाली की आम्ही आपले खिंडीकडे बघत बसतो. पानसुद्धा हलत नाही. दादा म्हणतो, असं कधी पाहिलं नाही."

"कधीपासून?"

"तुझं ऑपरेशन झालं, त्याच सुमाराला. झऱ्याची धार करंगळीएवढी झालीय."

डोंगरबाईने घास खाली ठेवला. मग स्वतःलाच दटावलं. वाऱ्याची लहर असते. दिशा बदलते, थोडे दिवस जातात, पुन्हा येतो. शिकली सवरली बाई तू, लोकांना हवामान समजावून सांगतेस, आणि प्लास्टरच्या ठोकळ्याला घाबरतेस? तिने घास उचलला आणि चावून गिळला, पण चव लागली नाही.

परत दालनात आली तर पहारेकरी नकाशाच्या पलीकडे, तपकिरी बाजूला खुर्ची टाकून बसला होता. ती समुद्राच्या बाजूने म्हणाली, "जेवून घ्या, मी आहे इथे." तो तसाच बसून. तिने मोठ्याने सांगितलं. तरी नाही. शेवटी हात हलवले तेव्हा त्याने मान वर केली, तोंड हलवलं, आणि तिलाही काही ऐकू आलं नाही. मधे नुसता नकाशा होता, कमरेएवढ्या चौथऱ्यावर. ती वळसा घालून पलीकडे गेली तेव्हा त्याचं बोलणं अर्ध्यातून ऐकू यायला लागलं.

"...केव्हाच्या नुसतं तोंड हलवताय, बाई. मी म्हटलं, थट्टा करताय."

पलीकडे उभं राहिल्यावर अंग गरम वाटलं आणि ओठ सुकले. अलीकडे आली तर दंडावर काटा. दालनाला एकच खिडकी होती आणि ती बंद होती. तिने हिरव्या उतारावर फडकं टेकवलं आणि उचललं. फडकं ओलं झालं होतं.

४

नळकाम करणारा शिडी लावून छत चाचपून गेला. सगळं कोरडं. चौथऱ्याखाली वाकून पाहिलं, तिथेही कोरडं. "वरून नाही, खालून नाही, मग पाणी येतं कुठून?" असं तो डोंगरबाईलाच विचारून गेला. रोज सकाळी हिरव्या उतारांवर घाम फुटलेला असायचा. खिंड होती तिच्या अलीकडच्या दरीत आधी ओल दिसली, मग थेंब, मग चक्क डबकं. पलीकडे तपकिरी रंगाला बारीक चिरा जायला लागल्या होत्या आणि मोहरीएवढा ठिपका पिवळा पडत चालला होता. ओलीने पुट्टी फुगेल आणि गळून पडेल, अशी तिला आशा होती. पुट्टी दगडासारखी घट्ट बसली होती.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं.

"बाई, तुमचा राग समजू शकतो मी. पण म्हणून नकाशावर पाणी ओतायचं?"

"मी ओतते?" डोंगरबाईचा आवाज चिरकला. "मी? हा नकाशा मी लहानपणापासून पोटच्या पोरासारखा सांभाळलाय, आणि मी पाणी ओतेन?"

"मग कोण ओततं? ढग?"

सगळे हसले. पहारेकरीसुद्धा हसला, ज्याने स्वतः तो आवाजाचा प्रकार पाहिला होता. साहेबांनी हात पुढे केला आणि दालनाची किल्ली मागितली. उद्घाटनापर्यंत कुणी आत जायचं नाही, आणि बाईंनी तर नाहीच नाही. किल्ली जुडग्यातून काढताना तिच्या हातून जुडगा दोनदा खाली पडला. उचलून द्यायला एकही माणूस वाकला नाही.

संध्याकाळी तिने स्वतःहून फोन लावला.

"दादा वर जाऊन आला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "खिंड बघायला. जन्म गेला त्या वाटेवर, डोळे मिटून जाईल, आणि म्हणतो, वाट सापडली नाही. वर नुसतं पांढरं होतं म्हणे. धुकं का, तर म्हणतो, धुकं नाही, हाताला लागत होतं. नखांनी खरवडत बसला. येताना पडला, पाय सुजून हा एवढा झालाय, वर ताप. आणि अगं, नखांत पांढरं भरलंय ते साबणानेही निघत नाही. वास येतो त्याला."

"कसला वास?"

"नव्या घराचा. रंग काढल्यावर येतो ना, तसा."

चुनखडीचे डोंगर असतात, दरड कोसळली असेल, तापात माणूस काहीही बरळतो. अशी एकेक कारणं डोंगरबाई मनात मांडत राहिली आणि एकेक स्वतःच खोडत राहिली.

"वहिनी, खाली कुठेतरी निघून जा दादाला घेऊन."

"यांना पाऊल टेकवत नाही. कुठे नेऊ? आणि कशाला? इथे लख्ख ऊन आहे. पलीकडून मात्र सारखी घरघर येते गं. डोंगरामागे कुणीतरी दळत बसल्यासारखी."

५

उद्घाटनाला फीत होती, फुलं होती, कॅमेरे होते. डोंगरबाईला निमंत्रण नव्हतं. पण ज्या कचेरीत आयुष्य गेलं, तिचा मागचा दरवाजा कसा उघडतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हातातल्या पिशवीत बाबांची पटाशी आणि लाकडी हातोडी होती. काम कसं करायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. पटाशी तिरकी धरायची, हलके हलके ठोकायचं, पुट्टीचा पापुद्रा सुटला की थांबायचं. खालचा अंगठा तसाच मिळायला हवा. मग पाणी जाईल ते धारेने, हळूहळू.

दालनात पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली. खिंडीच्या अलीकडची दरी काठोकाठ भरली होती. पाणी काळपट होतं आणि हलत होतं. दालनात वारा नव्हता, कुणी धक्काही दिला नव्हता, तरी ते जागच्या जागी ढुसण्या देत होतं.

आणि साहेब काय म्हणत होते? ऐका. साहेब पाहुण्यांना म्हणत होते, "हे आमच्या दालनाचं खास आकर्षण. खरं पाणी! पावसाची बाजू कोणती, कोरडी कोणती, बघणाऱ्याला एका नजरेत कळावं. ही कल्पना माझी."

टाळ्या पडल्या. परवा याच पाण्यावरून त्या माणसाने तिला चारचौघांत चोर ठरवलं होतं! लाज नावाची काही गोष्ट असते की नाही? डोंगरबाईच्या डोळ्यांपुढे लाल झालं. ती माणसं ढकलत पलीकडे, तपकिरी बाजूला गेली, फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकून चौथऱ्याच्या कडेवर ठेवला.

"वहिनी, दादाला उठव. धरून बाहेर आण, अंगणात. आत्ता."

"काय झालं गं?"

"विचारू नकोस. आण फक्त."

ती फितीखालून वाकली, पटाशी खिंडीवर टेकवली आणि हातोडी उचलली. साहेबांचा आवाज या बाजूला पोचत नव्हता, पण त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि ते तोंड बघून हलके हलके ठोकायचं ती विसरली. सगळा राग दंडात आला. किल्लीचा, हसण्याचा, मग बघूचा. तिने एकच घाव घातला, जोरात.

पुट्टी उडाली. तिच्याबरोबर बाबांचा अंगठा निघाला, आणि शेजारच्या सुळक्याचा अर्धा खांदाही.

एकदम सगळे आवाज ऐकू यायला लागले. माणसं ओरडत होती, साहेब ओरडत होते, आणि फोनमधून वहिनी ओरडत होती. "अगं आला! वारा आला! आम्ही अंगणात आहोत, दादाचं धोतर उडतंय बघ! ढग आला गं!" ती हसत होती. मग हसणं थांबलं. "थांब. हा आवाज कसला?"

पाणी धारेने आलं नाही. ते लोटला लोट आलं आणि तपकिरी उतारावरून थेट त्या पिवळ्या ठिपक्याकडे निघालं. विचार करायला वेळच नव्हता. डोंगरबाईने हातोडी टाकली आणि उजवा हात ठिपक्यावर पालथा दाबला, अंगठा खिंडीच्या बाजूला आडवा धरून. पाणी अंगठ्यावर आदळलं आणि अडलं. ते बर्फासारखं गार होतं आणि जोर असा की मनगट मागे सरकायला लागलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

६

"थांबलं," फोनमधून वहिनी कुजबुजली. "अगं, येत होतं ते थांबलं. पण अंधार झाला. भरदुपारी. वर आभाळ नाहीये. काहीतरी आलंय वर, अगदी जवळ, घराच्या धुराड्याला टेकलंय. गरम आहे. आणि धडधडतंय."

डोंगरबाईने मनगटाकडे पाहिलं. नाडी टणाटण उडत होती.

"घाबरू नकोस, वहिनी. मी आहे."

"तू कुठे आहेस?"

तिने अंगठा आणखी घट्ट दाबला. तेवढ्यात साहेब आले. घामाने निथळत, पण पाहुण्यांसाठी ओठांवर हसू तसंच ठेवून.

"हात काढा, बाई."

"रंगाऱ्याला बोलवा. पुट्टी आणू दे. आधी ती फट भरा, मग काढते."

"हात काढा म्हणतो ना! सगळा रंग वाहून चाललाय. लोक बघतायत."

"साहेब, पाया पडते तुमच्या. खाली माझा दादा आहे."

"बाईंची तब्येत बरी नाही," साहेब वळून पाहुण्यांना म्हणाले, अगदी मायेने. "परवाच ऑपरेशन झालंय." पाहुण्यांनी माना डोलावल्या. पहारेकऱ्याने मागून तिचा डावा हात मनगटावरून सोडवला आणि पाठीशी धरला. ती किंचाळली, तिने अशा शिव्या दिल्या, ज्या जन्मात कधी तोंडातून काढल्या नव्हत्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढून हाताला गुंडाळला, पाण्याने बाही भिजू नये म्हणून. मग त्यांनी तिची करंगळी धरली आणि उचलली.

"अगं, उजेड!" फोनमधून वहिनी म्हणाली. "कडेने उजाडलं. एक पट्टी दिसतेय उन्हाची."

साहेबांनी दुसरं बोट उचललं.

"आणखी एक. अहो, बघा ना, उघडतंय. मान वर करा, मी धरते."

मग मधलं. मग त्याच्या शेजारचं. वहिनीचा आवाज प्रत्येक पट्टीबरोबर मोकळा होत गेला, आणि मागे दादा काहीतरी म्हणत होता, तापातला, जड, पण हसरा. अंगठ्यापाशी पाणी चढून नखापर्यंत आलं होतं.

"जातंय गं ते!" वहिनी म्हणाली. "एवढंसंच उरलंय, खिंडीकडे. तेवढं गेलं की झालं."

साहेबांनी अंगठा धरला.